चाळीस मिनिटांचा आवाज

बाबा घरी बसायला लागले आणि आमच्या घरात बारीकसारीक आवाजांना किंमत आली. त्याआधी भिवंडीजवळच्या टेमघरमध्ये राहून कानांचा तसा फार उपयोग नव्हता. घराच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्याची खटखट भिंतीतून, फरशीतून, मांडणीवरच्या डब्यांमधून येत राहायची. आम्ही तिघं एकमेकांशी जरा मोठ्यानंच बोलायचो. अंजूरहून मामा आला की पहिला अर्धा तास त्याला वाटायचं, या घरात भांडण चाललंय. पण बाबांना दिसेनासं झालं तेव्हापासून आई त्यांच्यासमोर ताट ठेवताना बांगड्या मुद्दाम वाजवायची. मी बाहेरून आले की उंबऱ्यावर चपला आपटायचे. पाण्याचा तांब्या कुठे ठेवला हे कळावं म्हणून त्याच्यावर वाटी उपडी घालायची आणि ती एकदा टिचकीनं वाजवायची. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. एका आठवड्यात आपोआप ठरून गेलं.

बाबा जॉबर होते. लूम बिघडला की तो खोलून परत चालता करायचा, हे त्यांचं काम. एका दुपारी चालत्या लूममधून धोटा उडाला. सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा तो टोकदार लाकडी धोटा शेजारच्या लूमपाशी वाकलेल्या बाबांच्या उजव्या डोळ्यावर बसला. उजवा डोळा गेला आणि वर्षाच्या आत डावाही मंदावत मंदावत विझला. डॉक्टरांनी तसं होऊ शकतं असं आधीच सांगितलं होतं. त्या दिवसांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. बाबांनीही तो विषय पुढे कधी फारसा काढला नाही.

त्यानंतर दोन वर्षं ते दाराजवळच्या खाटेवर बसून होते. आई कापड घडी करण्याच्या कामाला एका गोदामात जायला लागली. मी कॉलेजात होते. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापून, वालाचं बिरडं नाहीतर सुकटीची चटणी करून झाकून ठेवायची आणि जाताना बाबांचा हात धरून प्रत्येक झाकणावर टेकवून दाखवायची. दुपारी मी घरी आले की बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकत बसलेले असायचे. "तिसऱ्या लायनीतला लूम बिघडनार हाय," ते सांगायचे. "त्याचा ठोका लंगडा पडतोय." आणि तासाभरात खरंच पलीकडे ओरडाआरडा सुरू व्हायचा, एक खटखट बंद पडायची. बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसायचं आणि लगेच जायचं. जे कळत होतं ते आता कुणाला जाऊन सांगायचं नव्हतं.

ठाण्याच्या एका संस्थेत अंध माणसांना शिकवतात, हे आईला गोदामातल्या एका बाईकडून कळलं. बाबा आधी नको म्हणाले. मग आई एक रविवार त्यांच्याशी बोललीच नाही, आणि सोमवारी ते तयार झाले. सहा महिने मी त्यांना आठवड्यातून तीनदा ठाण्याला नेत होते. तिथल्या बाईंनी त्यांना काठी घेऊन चालायला शिकवलं, टेलिफोनचा बोर्ड शिकवला, आणि शेवटी कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर बोटं ठेवायला शिकवलं. बाबा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना सुताच्या पेट्यांवरच्या छापाइतकीच माहीत. पण बाई मला म्हणाल्या, "यांची बोटं फार चांगली आहेत. एकदा दाखवलेली जागा विसरत नाहीत." शिकणं संपलं तेव्हा संस्थेला कुठल्याशा कचेरीतून मिळालेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी बाबांना सरावासाठी दिला. रिक्षात मॉनिटर माझ्या मांडीवर आणि कॉम्प्युटरचा डबा बाबांच्या मांडीवर, असे आम्ही टेमघरला आलो. तो ठेवला आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन आईनं स्वतःच खाटेखाली सरकवलं.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारा प्रोग्रॅम होता. जी कळ दाबाल तिचं नाव तो इंग्रजीत सांगायचा, आणि पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवायचा. आवाज पुरुषाचा, सर्दी झाल्यासारखा. बाबांचं "नारायण" हे नाव तो अशा काही तऱ्हेनं म्हणायचा की आई हसू दाबायला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची. हा प्रोग्रॅम विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. बनवणाऱ्यांनी तो फुकट वापरायलाही दिला होता, पण एका अटीवर. चाळीस मिनिटं झाली की आवाज बंद. पुन्हा हवा असेल तर अख्खा कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, की आणखी चाळीस मिनिटं. बाबांना ही अट पटली होती. ते म्हणायचे, "शिफ्टमधी पन चहाची सुट्टी असते." सुरुवातीला कॉम्प्युटर परत चालू व्हायला चहा होण्याइतकाच वेळ लागायचा. तेवढ्यात बाबा उठून दारापर्यंत फेरी मारायचे, पाणी प्यायचे, आणि आवाज आला की पुन्हा बसायचे.

हा सगळा सराव एका नोकरीसाठी होता. भिवंडीतल्या एका हॉस्पिटलला टेलिफोन ऑपरेटर हवा होता. फोन घ्यायचा, योग्य ठिकाणी जोडायचा, डॉक्टर जागेवर नसतील तर निरोप टाइप करून ठेवायचा. संस्थेतल्या बाईंनी बाबांचं नाव कळवलं होतं. दोन महिन्यांनी परीक्षा होती. इतक्या दिवसांनी बाबांकडे एक तारीख होती, जिच्याकडे दिवस सरकत होते.

आता माझ्याकडे येते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि आमच्या गल्लीत कॉम्प्युटर असलेलं घर आमचंच होतं. बाबा दुपारी तासभर पडायचे तेव्हा तो माझा असायचा. कॉलेजातल्या मैत्रिणींकडून सीड्या आणायचे आणि त्यात जे जे असेल ते सगळं घालून बघायचे. एक बाहुली होती, ती पडद्याच्या कोपऱ्यात उभी राहून कंबर हलवायची. माउसची खूण सरकली की तिच्यामागे चांदण्या पडतील, असं काहीतरी होतं. सात देशांची वेळ दाखवणारं घड्याळ होतं. गाणी लावणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम होते. आणि एक मत्स्यालय होतं. कॉम्प्युटर थोडा वेळ नुसता पडून राहिला की पडद्यावर मासे पोहायला लागायचे. हे आईला फार आवडायचं. कामावरून आली की पाय पसरून ती समोर बसायची आणि त्या रंगीत परदेशी माशांना खाडीतल्या माशांची नावं द्यायची. "यो बोय. आनि यो जिताडा, पन आजारी दिसतोय." मला तेव्हा हे माहीत नव्हतं की यातला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम कॉम्प्युटर सुरू झाला की न सांगता स्वतःही सुरू होतो आणि दिसला नाही तरी आत चालत राहतो. घड्याळाशेजारी खाली उजवीकडे चिमुकल्या खुणांची रांग वाढत होती. मला ती श्रीमंती वाटत होती.

कॉम्प्युटर हळूहळू जड झाला. चहाइतका वेळ लागायचा तिथे आईच्या सगळ्या भाकऱ्या भाजून व्हायला लागल्या. म्हणजे चाळीस मिनिटं सराव आणि पंधरा-वीस मिनिटं वाट बघणं. त्याहून वाईट म्हणजे आवाज अडखळायला लागला. बाबा कळ दाबायचे, आणि काहीच यायचं नाही. कळ लागली नाही असं वाटून ते परत दाबायचे. मग एकदम दोन अक्षरं यायची, किंवा तीन. बाबा ती खोडायला जायचे तर खोडण्याची कळही उशिरा लागायची आणि आधीचं बरोबर अक्षरही जायचं. संस्थेत अर्ध्या मिनिटात लिहायचे ते वाक्य पाच मिनिटांतही पुरं होईना. मी शेजारी अभ्यासाचं पुस्तक धरून बसलेली असायचे आणि मला सगळं दिसत असायचं. मला कारण पुरतं कळत नव्हतं, पण संशय येत होता. आणि संशय आला म्हणूनच मी गप्प होते.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असतील. संध्याकाळी आई कामावरून येऊन पाय धूत होती. बाबा कॉम्प्युटरसमोरून उठले, चाचपत खाटेवर आले आणि म्हणाले, "त्या बाईना सांगून टाकूया. मी न्हाय जात परीक्षेला."

"का?" आईनं विचारलं.

"बोटं चालत न्हायत माझी. तिथं चालायची, आता न्हाय चालत. वय झालं. मी दाबतो एक आनि पडतं दुसरं." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, तळवे वर. "डोळे गेले तवा वाटलं, हात तरी हायत."

आई ओल्या पायांनी तशीच उभी राहिली. मला आजही स्वतःला विचारावंसं वाटतं की त्याच क्षणी का नाही सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला होता आणि माझ्याकडे त्याचं दुसरं कारण होतं. पण मला आधी सगळं गुपचूप नीट करायचं होतं. म्हणजे मग काही सांगावंच लागणार नव्हतं.

दुसरा दिवस आईच्या सुट्टीचा होता. ती बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. मी कॉम्प्युटर चालू केला. कॉलेजातल्या एका मुलीनं मला एक यादी कशी उघडायची ते सांगितलं होतं. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप सुरू होतं त्या सगळ्यांची नावं तिथे असतात, प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण असते, आणि खूण काढली की तो प्रोग्रॅम पुढच्या वेळी आपला आपण सुरू होत नाही. यादी उघडली आणि मी घाबरले. तीसेक नावं होती, सगळी अर्धवट इंग्रजी अक्षरांची, कुठलं कशाचं ते ओळखू येत नव्हतं. वेळ कमी होता. मी वरून खालपर्यंत सगळ्याच खुणा काढून टाकल्या. आणि कॉम्प्युटर परत चालू केला.

तो इतक्या पटकन चालू झाला की मी आनंदानं उभी राहिले. बाहुली नव्हती, चांदण्या नव्हत्या, खालच्या खुणांची रांग गेली होती. तेवढ्यात बाबा आले. आईनं त्यांना खुर्चीवर बसवलं. "बघा तरी एकदा," मी म्हणाले, "आज बरा चालतोय." बाबांनी बोटं कळांवर ठेवली आणि एक कळ दाबली.

काही आलं नाही. त्यांनी थांबून वाट बघितली, जशी हल्ली बघायचे तशी. मग दुसरी दाबली. मग संस्थेत शिकवलेली, आवाज चालू आहे का ते विचारायची कळ. खोलीत फक्त भिंतीपलीकडचे लूम वाजत होते. पडद्यावर त्यांनी दाबलेली अक्षरं बरोबर, लगेच, एकेक करून उमटत होती, आणि ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. बोलणारा प्रोग्रॅमही त्या यादीत होता. मी बाहुलीबरोबर बाबांचा आवाजही काढून टाकला होता.

मी तो कुठून चालू करायचा ते शोधत राहिले. संस्थेतल्या बाईंनी तो आपोआप सुरू होईल असाच घालून दिला होता. हातानं कसा लावायचा ते आम्हाला कधी लागलंच नव्हतं. यादीत जाऊन खुणा परत लावाव्यात, इतकंही घाबरलेल्या मला सुचलं नाही. दहा मिनिटांनी बाबा शांतपणे म्हणाले, "वैशू, काय झालंय ते सांग."

मग मी सगळं सांगितलं. सीड्या, बाहुली, चांदण्या, गाण्यांचे तीन प्रोग्रॅम, ते सगळे आत चालत राहतात हे, त्यामुळे आवाज अडकत होता हे, आणि आता मी केलेला गोंधळ. सांगताना मला रडू येत होतं आणि आई दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होती. मला वाटलं, बाबा ओरडतील. कारखान्यात त्यांच्या आवाजाला लोक टरकायचे.

बाबांची बोटं अजून कळांवरच होती. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी दाबत होतो ते बरोबर पडत होतं?"

"हो बाबा."

"आत्ता दाबलं ते?"

"सगळं बरोबर आलंय. एक अक्षर चुकलं नाही."

त्यांनी हात उचलून तोंडावर फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि तसेच धरून ठेवले. ते रडत होते की हसत होते हे मला कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "मी चहा टाकते," आणि आत गेली.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून नसरीन मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे कधी शिकले नव्हते. फी भरण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅडम साठीच्या असतील, हातात नेहमी मोठ्या मण्यांची जपाची तसबीह, आणि बोलण्यात निम्मं मराठी, निम्मं हिंदी. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिलीट केलंस की फक्त टिक काढलीस?"

"फक्त टिक."

"फिर रोती क्यूँ है? कुछ गया नहीं. सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त झोपलंय." मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून एक वही समोर ठेवली. "दुकानवाल्याकडे गेली असतीस तर त्यानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं असतं. आणि बोलणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे नसता. आता माझं ऐक. पहले लिखो, फिर निकालो. प्रत्येक नाव वहीत उतरव. तो कुणाचा आहे, काय करतो ते विचार. एक बंद कर, चालू करून बघ. मग दुसरा. समजलं?" यादीतलं नाव ज्या फाइलचं असतं ती कुठे ठेवलेली आहे ते कसं बघायचं, आणि त्यावरून तो प्रोग्रॅम कुठल्या सीडीतून आला ते कसं ओळखायचं, हे त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर करून दाखवलं. कॉम्प्युटरला स्वतःला लागणारी चार-पाच नावं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिली. यांना हात लावायचा नाही. निघताना मी फीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "अब्बा की परीक्षा हो जाए, फिर मुझे बताने आना. बस."

शुक्रवारी मागचा कारखाना बंद असायचा. त्या दिवशी आमच्या घरात इतकी शांतता असायची की आम्हाला ती बोचायची. त्या शुक्रवारी आईही कामाला गेली नव्हती, आणि मी आणि बाबा सकाळीच बसलो. आधी सगळ्या खुणा परत लावल्या. कॉम्प्युटर आपला वीस मिनिटं घेऊन सुरू झाला आणि तो सर्दीचा आवाज परत आला तेव्हा आई आतून म्हणाली, "आला बाबा एकदाचा." मग वही उघडली. मी नाव वाचायचे, ते कुठून आलं ते शोधायचे आणि बाबांना सांगायचे. बाबांनी पहिल्या दोन नावांतच कामाचा ताबा घेतला. लूम खोलताना ते सुटे भाग गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवायचे, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं. तसंच त्यांनी मला वहीत करायला लावलं. नाव, काम, काढला की ठेवला, आणि काढल्यावर किती वेळात चालू झाला. वेळ ते स्वतः मोजत होते, बोटांवर आकडे म्हणत.

"हे काय करतं?" ते विचारायचे.

"चांदण्या पाडतं."

"कुठं?"

"माउस हलला की त्याच्यामागे."

"आनि?"

"आणि काही नाही."

"काढ."

असं करत करत दुपार झाली. घड्याळ गेलं. "सात देशांत आपला कोन हाय?" गाण्यांचे तिन्ही प्रोग्रॅम गेले. बाहुली गेली. कुठल्यातरी सीडीबरोबर आलेले, ज्यांचं नावही मी ऐकलं नव्हतं असे सात-आठ जण निघाले. कुणी सारखं इंटरनेट शोधत होता, जे आमच्याकडे नव्हतंच. एक अशा प्रिंटरची वाट बघत होता जो त्या जुन्या कचेरीतच राहिला होता. बाबांना त्या प्रिंटरवाल्याची दया आली. "बिचारा, सकाळी उठून रोज बघत असंल," ते म्हणाले, आणि मग, "काढ." खुणा काढून आठ दिवस बिनघोर गेले की मग प्रोग्रॅम खरोखर काढून टाकायचे, असं आम्ही ठरवलं. तोवर वहीत त्यांची नोंद होतीच. आईनं मधेच गरम भाकरी आणि जवळ्याचं कालवण आणून दिलं. आम्ही एका हातानं जेवलो.

शेवटी मत्स्यालय राहिलं. मी आपणहून म्हणाले, "हेही काढते." बाबांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं. "हे मासे फिरतात कधी?"

"कुणी काम करत नसेल तेव्हा."

"मंग आपलं काय खातात? राहू दे. सगळंच माझ्यापायी काढू नको. तुमच्या दोघींचं एक राहू दे."

संध्याकाळी कॉम्प्युटर शेवटचा बंद करून चालू केला. आईनं चहाचं आधण ठेवलं होतं. पाण्याला उकळी फुटायच्या आत बाहेरच्या खोलीतून आवाज बोलायला लागला. बाबांनी एक अख्खं वाक्य टाइप केलं, आणि आवाज त्यांच्या बोटांच्या मागोमाग पळत होता, एकही अक्षर मागे न ठेवता. त्यांनी आवाजाचा वेग एक पायरी वाढवला. मग आणखी एक. आम्हाला दोघींना त्यातलं काही कळेना इतका तो भरभर बोलायला लागला. बाबांना मात्र कळत होतं.

हे लिहिताना मला जाणवतं की माझ्या आयुष्याचं पुढचं सगळं त्या शुक्रवारातून आलं. अंजूरच्या ज्या शेतात मामा भात लावायचा तिथे आता गोदामं आहेत, आणि त्यातल्या एका गोदामाच्या कचेरीत पंधरा कॉम्प्युटर मी सांभाळते. कुणी "मॅडम, सिस्टिम स्लो झालीय" म्हणत आलं की मी आधी वही काढते. नवीन मुलांना याची गंमत वाटते. माझी मुलगी म्हणते, हल्ली एका बटणात सगळं साफ होतं. होत असेल. मला मात्र प्रत्येकाला विचारल्याशिवाय काढता येत नाही, की बाबा रे, तू कुणासाठी चालतोयस. नसरीन मॅडम आता नाहीत. त्यांनी घेतली नाही ती फी मी दर वर्षी गल्लीतल्या दोन मुलींना सुट्टीत फुकट शिकवून फेडायचा प्रयत्न करते. ती फिटत नाही, आणि फिटू नये असंच मला वाटतं.

परीक्षेचं सांगायचं तर बाबा त्या वेळी पास झाले नाहीत. टायपिंग उत्तम झालं, पण डॉक्टर इंग्रजीतून भरभर बोलले ते त्यांना समजलं नाही, आणि दुसऱ्या एका गृहस्थांना घेतलं. घरी येताना मी रिक्षात त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "इंग्रजी कच्चं हाय. बोटांचं कोन काय बोललं न्हाय." मी मॅडमना सांगायला गेले तर त्यांनी दर रविवारी बाबांना इंग्रजी निरोप सांगायला आमच्या घरी यायचं ठरवून टाकलं. आठ महिने त्या येत होत्या. आई त्यांच्यासाठी घावन करायची, आणि मॅडम एका हातात घावन धरून "पेशंट इन वॉर्ड टू इज आस्किंग फॉर हिज ब्रदर" असं काहीतरी सांगायच्या, आणि बाबा ते टाइप करायचे. पुढच्या वर्षी ती जागा परत मोकळी झाली. या वेळी बाबांना घेतलं.

पहिल्या दिवशी आईनं कामाला सुट्टी घेतली. इस्त्रीचा शर्ट, भांग, काठी, आणि डबा. डब्यात काय द्यायचं यावरून ती आदल्या दिवसापासून विचारात होती. मी बाबांना हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं. पुढे त्यांनी माझा हात सोडला आणि काठीनं भिंत शोधत ते एकटे आत गेले. पायऱ्या त्यांनी आदल्या आठवड्यात मोजून ठेवल्या होत्या.

घरी येऊन मला काही सुचेना. आईही नुसती भांडी इकडची तिकडे करत होती. दुपारी तीनच्या सुमारास मी नाक्यावरच्या पीसीओत गेले आणि हॉस्पिटलचा नंबर फिरवला. का, ते मला माहीत नव्हतं. दोनदा घंटी वाजली.

"नमस्कार. बोला, कोण हवंय आपल्याला?"

तो बाबांचा आवाज होता, पण मी कधी न ऐकलेला. शुद्ध, सावकाश, घाईत असलेल्या माणसाला धीर देणारा. मागे कीबोर्डवर त्यांची बोटं चाललेली ऐकू येत होती. मला बोलताच येईना. मी नुसती रिसिव्हर धरून उभी होते.

"हॅलो? घाबरू नका, सावकाश सांगा. मी ऐकतोय."

मी तरीही बोलले नाही. फक्त श्वास गेला असेल रिसिव्हरमध्ये. पलीकडे कळांचा आवाज थांबला. मग बाबांनी आवाज खाली केला, घरातल्यासारखा.

"आईला सांग, डबा पुरला. ठेव आता, दुसरी लाइन वाजतेय."